बाजार-बजावणी

“हे अक्षर कोणाचे?” उजगरेसाहेबांनी विचारले.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. माणसे आपापल्या कामाला पांगली होती आणि मला एकट्याला आत बोलावणे आले होते. साहेबांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते.

“माझेच, साहेब.”

“सुरेख आहे. शिक्षण किती झाले?”

“सातवी पास, साहेब.”

“वाचा बरे मोठ्याने.”

मी वाचले. “सदर साक्षीदार ठकूबाई लक्ष्मण लोहकरे, राहणार हेंद्रेवाडी, हिचा कसून शोध घेतला असता ती मिळून आली नाही. सबब समन्स बजावणीविना परत सादर.” दुसऱ्या कागदावरही हीच वाक्ये होती. केवळ तारीख निराळी होती.

“कसून शोध,” साहेब म्हणाले.

सॅम्युअल उजगरे हे आमच्या देवगव्हाण पोलीस ठाण्यात निरीक्षक म्हणून रुजू होऊन बाराच दिवस झाले होते. सडसडीत बांधा, चष्मा, आवाज एखाद्या शाळामास्तरासारखा. ते ओरडत नसत, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज कोणासही येत नसे. हे एकोणीसशे त्र्याण्णव सालचे वर्तमान आहे. मी, निवृत्ती खेमनर, हवालदार, तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि ठाण्यातील समन्स-वॉरंटचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे होते.

“खटला कोणता आहे, ठाऊक आहे ना?”

“होय साहेब. सोमा गोडे खून खटला.”

ठाऊक नसणे शक्यच नव्हते. दोन वर्षांपूर्वी भर बाजारात हिरड्याच्या वजनावरून तंटा झाला. हेंद्रेवाडीच्या सोमा गोडेने तराजूला हात घातला आणि व्यापारी विलास कर्पे याने लोखंडी माप त्याच्या डोक्यात मारले. सोमा त्याच जागी गेला. पाहिले सगळ्या बाजाराने, पण जबाब द्यायला तिघेच पुढे आले. त्यांपैकी दोघे कोर्टात फितूर झाले. तिसरी ही ठकूबाई.

साहेबांनी सरकारी वकिलांचे पत्र माझ्यापुढे सरकवले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता साक्षीदार हजर न झाल्यास न्यायालय पुरावा बंद करील, ही अखेरची संधी आहे, असे त्यात लिहिले होते. पुरावा बंद होणे म्हणजे जामिनावर बाहेर असलेला कर्पे कायमचा सुटणे. त्या दिवशी मंगळवार होता.

“आता मला सांगा, समन्स तुम्ही कसे बजावता?”

हा प्रश्न मला आवडला, हे मान्य करतो. या विषयात माझा हातखंडा होता. आमच्या हद्दीत बेचाळीस गावे, त्यांतली निम्मी डोंगरावर, आणि समन्सच्या कामाला माणसे तीन. एका गावाला जाऊन येण्यात दिवस मोडे. मी यावर उपाय शोधून काढला होता. देवगव्हाणला सोमवारी बाजार भरतो. डोंगरातला प्रत्येक माणूस मीठमिरचीला तेथे उतरतो. मी सोमवारी कोंडवाड्याच्या भिंतीपाशी, लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसे आणि एकेक नाव पुकारे. माझा आवाज परेडच्या मैदानावर घडलेला. मी हाक दिली की बाजार गप्प होई. दोन तासांत आठवड्याची समन्से संपत. यास ठाण्यात ‘बाजार-बजावणी’ असे नाव पडले होते. शेजारच्या दोन ठाण्यांनी ती पद्धत उचलली होती आणि पोलीस अधीक्षकांच्या सहीचे प्रशस्तिपत्र फ्रेम करून साहेबांच्याच खोलीत टांगलेले होते.

“शंभरात एक्याण्णव बजावणी आहे, साहेब. जिल्ह्यात पहिली.”

साहेबांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिले. “म्हणजे ठकूबाई बाजारात आली नाही.”

“नाही, साहेब.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

“तिच्या घरी गेला होतात?”

“नाही, साहेब.”

“मग ती मीठ कुठून आणते?”

 सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःस विचारला नव्हता.

“खेमनर, हा खोटा रिपोर्ट आहे,” साहेब त्याच आवाजात म्हणाले. “तुमच्यावर कारवाई करायची तर मला आज कागद लिहावा लागेल. तो लिहिला की तुम्ही घरी बसाल आणि हेंद्रेवाडीला जाणारा माणूस मला नव्याने शोधावा लागेल. तेवढा वेळ नाही. कागद मी शुक्रवारी लिहीन. तोपर्यंत ती बाई कोर्टात हवी. धरून नाही, घेऊन. फरक समजतो ना?”

“समजतो, साहेब.”

“रोकडेला बरोबर न्या.”

रोकडे हवालदार बाहेर दाराला कान लावूनच होता. देहाने भारी, जिभेने त्याहून भारी. मी बाहेर येताच तो म्हणाला, “खेमनरराव, ती फ्रेम खिळ्यासकट उतरवू की नुसतीच?”

मी म्हणालो, “उद्या पहाटे पाचला पायात बूट नको, चपला घाल. चढ आहे.”

*

जीपने आम्हांस घाटाखाली सोडले. तेथून हेंद्रेवाडी तीन तासांची चढण. चैत्राचे ऊन आठ वाजताच पाठीवर बसले. रोकडे दर वळणाला थांबे आणि दर थांब्याला बोले.

“एक सांगू का? रिपोर्ट दोन आहेत. तिसरा लिहायला काय हरकत होती? वाक्य तर तुमचं पाठ आहे.”

“चल पुढे.”

“चालतोय की. पोट मागून येतंय, त्याला वेळ लागतो.”

हेंद्रेवाडी म्हणजे तेरा घरे. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात पोरे होती, ती आत पळाली. दारे लागली नाहीत, पण दारांत कोणी उरलेही नाही. एकच म्हातारा कुडाला टेकून दोर वळीत बसला होता. मी ओळखले. तो चिंधू गोडे, मयत सोमाचा बाप.

“राम राम, बाबा. ठकूबाई लोहकरेचं घर कोणतं?”

त्याने एका घराकडे हनुवटी केली. दाराला बाहेरून कडी होती, आणि कडीला कोळ्याचे जाळे.

“ती न्हाई ऱ्हात हितं.”

“कुठे असते?”

“काय म्हाईत.”

रोकडेने टोपी काढून घाम पुसला आणि माझ्या कानाशी लागला. “झालं. आता तर खरोखरच मिळून आली नाही. या खेपेला रिपोर्ट खोटा म्हणायची कोणाची टाप नाही. चला, ऊन डोक्यावर यायच्या आत उतरू.”

त्याचे म्हणणे कागदाच्या दृष्टीने बिनचूक होते. दोन पंच, बंद घर, पंचनामा. मी सुटलो असतो. पण मंगळवारपासून तो मिठाचा प्रश्न माझ्या डोक्यात खड्यासारखा रुतला होता. मी म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसलो.

“बाबा, ठकूबाई मीठ कुठून आणते?”

त्याचा दोर वळणारा हात थांबला.

“इतकी वर्सं शिपाई येत्यात,” तो म्हणाला. “कोंबडं कोनाचं, दारू कोनाची, इचारत्यात. मिठाचं पयल्यांदा इचारलं.”

“तुमच्या सोमाचा खटला शुक्रवारी संपतो. ती आली नाही तर कर्पे सुटेल.”

“माझा सोमा गेला. आता ठकीबी घालवू का?” त्याचे डोळे कोरडे होते. “त्या दोगांचं काय झालं? एकाचा बैल गेला, एकाचं खळं जळलं. मंग झाले मुके.”

 मी तसाच बसून राहिलो. रोकडेही टोपी मांडीवर ठेवून बाजूच्या दगडावर टेकला. बऱ्याच वेळाने म्हातारा उठला. पाणी आणून त्याने आमच्यापुढे तांब्या ठेवला आणि स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाला, “मीठ कोकनातलं. कड्याच्या शिडीनं खाली जाती, पळसोलीच्या बाजाराला. चार घंटं उतार, सा घंटं चढ. दिवाळीपासनं.” मग त्याने कड्याच्या बाजूला बोट केले.

*

कड्याच्या अलीकडे कातळावर हिरडे वाळत घातले होते. पाठमोरी एक बाई ओणवी होऊन ते हाताने खालीवर करीत होती. मागे कारवीची खोप होती. मी वीस पावलांवर थांबलो आणि सहा वर्षांच्या सवयीने हाक दिली.

“ठकूबाई लक्ष्मण लोहकरे!”

तिचा हात जागच्या जागी थबकला. ती उठली नाही, वळलीही नाही.

“ह्योच आवाज,” ती म्हणाली.

मी जवळ गेलो. “कुठला आवाज, बाई?”

“दिवाळीच्या मागल्या बाजारात. तुमीच व्हता ना लिंबाखाली?”

“मीच. पण तुम्ही आला नव्हतात.”

आता तिने वळून पाहिले. पन्नाशीची असेल, उन्हाने रापलेली. “मी दहा पावलांवं व्हते. वरईचं गठुडं म्होरं घेऊन बसले व्हते. तुमी नाव घ्यातलं आन् समदा बाजार गप झाला. आन् कर्प्या वट्यावर हुबा ऱ्हायला. कोन उठतंय बघाया.”

“मग तुम्ही उठला नाहीत.”

“माझ्या शेजारनीनं माझा पदर दाबून धरला. तुमी पुन्यांदा नाव घ्यातलं. मंग कागदावर काय तरी लिवलं आन् दुसऱ्याला पुकारलं.”

मला ते लिहिणे आठवले. झाकण दातांत धरून, मांडीवरच्या फळीवर, सुवाच्य अक्षरात.

“तुम्ही मला बाजूला गाठून सांगायचं होतं. मी पोलीस आहे, ठकूबाई.”

“सांगनार व्हते,” ती म्हणाली. “पर तुमी खुर्चीवर कुनाच्या बसला व्हता?”

रोकडेने माझ्याकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले.

आता ती खुर्ची सांगतो. बाजार-बजावणी सुरू केली तेव्हा पहिले दोन महिने मी उभाच राहत असे. एके दिवशी समोरच्या कर्पेच्या पेढीवरून दिवाणजी आले. “हवालदार, सरकारी माणसानं उभं राहायचं म्हणजे आम्हांला लाज,” असे म्हणून त्यांनी वेताची खुर्ची आणून ठेवली. पुढे अकरा वाजता चहाही येऊ लागला. त्यात लाच नव्हती. मी कधी कर्पेचे कामही केले नाही. नंतर गुन्हा घडला, कर्पे अटकेत गेला, जामिनावर सुटून आला. खुर्ची मात्र दर सोमवारी आपल्या जागी येत राहिली आणि मी तिच्यावर बसत राहिलो. तिच्यावर बसूनच मी कर्पेच्या विरुद्धच्या साक्षीदारांची नावे, कर्पेच्या ओट्यासमोर, सगळ्या बाजाराला ऐकू जातील अशी पुकारली होती. ते दोघे फितूर झाले. त्यांची समन्सेही मीच बजावली होती. त्या एक्याण्णवांत ते दोघे होते.

हे सर्व माझ्या ध्यानात तेथे, त्या कातळावर आले.

“ठकूबाई,” मी म्हणालो, “शुक्रवारी कोर्टात या.”

“न्हाई.”

“तुमच्यावाचून तो सुटेल.”

“सुटंल. आन् मी तुमच्या जिपड्यात बसले की देवगव्हाणात जीप पोचायच्या आदी कर्प्याला कळंल. ऱ्हातील का माझं हिरडं? ऱ्हाईल का खोप?”

तिचे म्हणणे खरे होते. घाटातून येणारी वाट बाजारातूनच जाते. मी कड्याकडे पाहिले. पलीकडे कोकण धुरकट दिसत होते.

“जीप नको. तुम्ही ज्या वाटेने मीठ आणता त्या वाटेने जाऊ. पळसोलीहून एस.टी., तिथून मोठी गाडी. उद्या संध्याकाळी जिल्ह्याला पोहोचू. देवगव्हाणचं तोंडही बघायचं नाही.”

ती प्रथमच हसली. “तुमी? शिडीनं?”

“मी.”

“गुडगं बघा आदी.”

“गुडघे माझे आहेत, ठकूबाई. तुम्ही वाट दाखवा.”

रोकडे मध्ये पडला. “मावशी, या माणसाला नाही म्हणू नका. हा ऐकत नाही. मी बायकोला सोडून इतका हट्टी प्राणी पाहिला नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पण मला वगळा. त्या शिडीवर मी आणि माझं पोट एका वेळी मावणार नाही. मी खाली जाऊन साहेबांना सांगतो. बाजारात कोणी विचारलं तर सांगीन, बाई मिळून आली नाही. ते वाक्य एकदा तरी कामी येऊ दे.”

ठकूबाई पुष्कळ वेळ हिरडे खालीवर करीत राहिली. मग तिने हात पदराला पुसले.

“येक सांगते. तिथं माझं नाव मोठ्यानं पुकारायचं न्हाई.”

“नाही पुकारणार,” मी शब्द दिला.

*

शिडीचे वर्णन मी करणार नाही. बांबूच्या तीन शिड्या, वेलींनी बांधलेल्या, आणि मधली कड्याच्या पोटाला चिकटलेली. ठकूबाई पुढे. ती दर पायरीला खालून सांगे, “आता डावा. न्हाई, तुमचा डावा.” मधल्या शिडीवर माझा गुडघा आखडला. मी डोळे मिटले.

“हवालदार, खाली बघू नगा आन् वरबी बघू नगा. नाकाम्होरला दगड बघा.”

मी तो दगड पाहिला. आजही तो मला ओळखता येईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिल्ह्याच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा उजगरेसाहेब साध्या कपड्यांत फलाटावर उभे होते. त्यांच्या शेजारी त्यांची पत्नी. कुटुंब जिल्ह्याच्या गावीच राहत असे. बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “या ताई, दमला असाल. भाकरी तयार आहे.” साहेबांनी माझ्या लंगडण्याकडे पाहिले आणि माझी पिशवी घेतली.

शुक्रवारी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. समोरच्या बाकावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत कर्पे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस सहा माणसे. त्याने ठकूबाईस पाहिले, मग मला पाहिले आणि ओळखीचे स्मित केले. सोमवारी चहा पाठवताना करीत असे, तेच.

“नाव पुकारत्याल का?” ठकूबाईने हळूच विचारले.

मी उठून कोर्टाच्या पट्टेवाल्याकडे गेलो. त्यास हात जोडून विनंती केली की या साक्षीदाराचे नाव पुकारू नये, मी स्वतः तिला आत आणतो.

“काय हवालदार,” तो म्हणाला, “नवीन आहात का? तीनदा पुकारा ही कोर्टाची रीत आहे. पुकारलं नाही तर न्यायाधीशसाहेब माझी नोकरी पुकारतील.”

मी परत येऊन बसलो. “पुकारतील,” मी म्हणालो. “मोठ्याने. तीनदा. मी शब्द दिला होता तो मला पाळता येत नाही.”

 तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडले. “ठकूबाई लक्ष्मण लोहकरे!”

व्हरांडा गप्प झाला. समोरच्या बाकावरचा कर्पे सावकाश उठून उभा राहिला. ठकूबाई दगडासारखी बसली होती.

“ठकूबाई लक्ष्मण लोहकरे!”

माझा हात तिच्या कोपराकडे गेला. तिला उठवणे मला सहज शक्य होते. मग मला साहेबांचे शब्द आठवले, धरून नाही, आणि मी तो हात माझ्याच गुडघ्यावर दाबून धरला. आतून सरकारी वकील डोकावले. पट्टेवाल्याने तिसऱ्यांदा श्वास घेतला.

“ठकूबाई—”

“हाय मी!” ती उभी राहिली होती. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा निघाला. “हितंच हाय. दोनदा ऐकलंय, आता वरडू नगा.”

आणि ती कर्पेच्या समोरून चालत आत गेली.

*

त्याच संध्याकाळी साहेबांनी मंगळवारचा राहिलेला कागद लिहिला. खोट्या रिपोर्टबद्दल मला सक्त ताकीद मिळाली, तिची नोंद सेवापुस्तकात झाली, आणि समन्सचे काम माझ्याकडेच ठेवण्यात आले. “ते तुम्हांलाच नीट करता येईल,” इतकेच ते म्हणाले. पुढील सहा महिन्यांत आमची बजावणी एक्याण्णवांवरून चौसष्टांवर आली. वरून खुलासा मागवला गेला. साहेबांनी एका ओळीत उत्तर पाठवले: पूर्वीचा आकडा बाजाराचा होता, हा तालुक्याचा आहे.

ठकूबाईला कोणी त्रास देत नाही ना, हे पाहायला खोपीकडे रोकडे दर पंधरवड्याला जाऊन येई. चढताना किती शिव्या देतो ते आल्यावर मला मोजून सांगे. निकाल आठ महिन्यांनी लागला आणि कर्पे दोषी ठरला. ती बातमी ऐकली तेव्हा मी एका वाडीवर होतो.

परंतु आज निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटल्यावर मला सर्वांत स्पष्ट आठवते ती साक्षीनंतरच्या पहिल्या सोमवारची सकाळ. बाजार भरत होता. लिंबाखाली खुर्ची मांडलेली होती. मी ती उचलली, डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या मधोमध चालू लागलो. वरईवाल्या बाया बघत राहिल्या. कर्पेच्या ओट्यावर मी ती टेकवली.

दिवाणजी लगबगीने पुढे आले. “अहो हवालदार, हे काय? चहा सांगितलाय. बसा की.”

“खुर्ची परत आणली आहे.”

“मग तुम्ही बसणार कशावर?”

पिशवीत अकरा समन्से होती. पहिले हेंद्रेवाडीच्याही पलीकडचे होते.

“बसणार नाही,” मी म्हणालो, आणि घाटाच्या वाटेला लागलो.